कूलरखालचा डाग

१

पियुष बडगुजरचं डोकं फुटलेलं होतं आणि ते बादल पावराच्या मांडीवर होतं. आरडाओरडा ऐकून शेजारचे लोक जिना चढून वर आले, तेव्हा त्यांना हे असं दिसलं. बादलचा शर्ट रक्ताने भिजलेला, शेजारी फरशीवर त्याचीच हातोडी, तिच्या तोंडाला रक्त आणि केस. पियुषच्या उजव्या कानावरचं हाड आत बसलं होतं. घाव एक नव्हता, तीन-चार होते. पहिल्याच घावाने माणूस पडला असणार, पुढचे घाव पडलेल्या माणसावर घातले होते.

धुळ्यात देवपूरच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर हा स्टुडिओ होता. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ पियुष तिथे तयार करायचा. लग्नसराईत खानदेशातल्या प्रत्येक मांडवात त्याने कापलेली, जोडलेली गाणी वाजत. बादल त्याच्याकडे चार वर्षं कामाला होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा मुलगा, आयटीआय झालेला. स्टुडिओतलं कॉम्प्युटरचं मशीन उघडणं, साफ करणं, बिघडलं तर दुरुस्त करणं हे त्याचं काम.

मे महिन्याची दुपार. गल्लीतली सगळी घरं दारं-खिडक्या लावून, कूलर घरघरत ठेवून आत झोपलेली. बादल ओरडेपर्यंत कोणी आलं-गेलं ते कोणी पाहिलं नाही, काही ऐकलंही नाही.

सहायक निरीक्षक हेमांगी देवरे आल्या तेव्हा बादल भिंतीला टेकून बसला होता. हेमांगी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीत वाढलेल्या, वडील वीज केंद्रात बॉयलरवर होते. आवाज खालचा, आणि समोरच्याला बोलू देण्याची सवय.

"कुठे होतास?"

"स्टँडवर. पार्सल आणायला गेलो होतो. आलो तर भाऊ असे पडलेले."

"हातोडी तुझी?"

"हो."

त्याच्या बोटांवर रक्ताखाली करड्या, चकाकणाऱ्या रेघा होत्या. साबणाने रक्त गेलं, त्या रेघा गेल्या नाहीत. पियुषच्या बोटांवरही तशाच होत्या. मशीनच्या कामाचं काहीतरी असेल, असं धरून हेमांगींनी ते मनात ठेवलं. स्टँडवरच्या पार्सलवाल्याने बादल आल्याचं सांगितलं, पण नेमका कधी ते त्याला आठवत नव्हतं. धुळे सोडू नकोस असं बजावून त्यांनी बादलला संध्याकाळी घरी पाठवलं.

त्यांची ती चूक झाली. त्याला स्वतःच्या ताब्यात ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी जे झालं ते टळलं असतं.

दुसऱ्या दिवशी अमरधामात सरण रचून झालं होतं. बादल मागे, कडुनिंबाखाली हात जोडून उभा होता. पियुषचा मेहुणा पिंटू, म्हणजे पियुषच्या बायकोचा, नूतनचा मोठा भाऊ, सकाळीच पाचोऱ्याहून नातेवाइकांच्या जीपमधून आला होता. त्याची नजर बादलवर गेली.

"हा इथे कसा? माझ्या बहिणीचं कुंकू पुसून हा इथे हात जोडून उभा राहतो?"

पुढचं सगळं एका दमात झालं. बादलला कोणीतरी मानेला धरून ओढलं. कोणी लाथ घातली, मग सगळेच घालू लागले. ज्यांनी पियुषला जन्मात पाहिलं नव्हतं, तेही चप्पल काढून पुढे झाले. बादलने डोकं हातांखाली घेतलं होतं. पिंटूने सरणातला एक ओंडका उचलला, बादलचा उजवा हात पायाखाली धरून पायरीच्या दगडावर पसरला आणि त्या हातावर ओंडका आपटला. पुन्हा आपटला. हाडं मोडल्याचा आवाज मागे उभ्या असलेल्या बायकांपर्यंत गेला.

हवालदार जीवराम गर्दी फोडून पोचला तेव्हा बादल ओरडायचाही थांबला होता.

२

सरकारी दवाखान्यात बादलला शुद्ध आली. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला, दोन फासळ्या गेलेल्या. पायथ्याशी त्याची आई चमेलीबाई उकिडवी बसली होती. पाड्यावरून येताना तिने भाकरी बांधून आणल्या होत्या, त्या तशाच मांडीवर होत्या.

"मना पोरगानी कोनले हात नही लाया," ती हेमांगींना म्हणाली. "त्याले कोंबडी कापता येत नही."

हेमांगी स्टूल ओढून बसल्या. "बादल, ज्यांनी तुला मारलं त्यांच्यावर गुन्हा दाखल केलाय. पिंटूवर पहिला. आता मला सांग, तुला कोणावर संशय आहे?"

बादलने छताकडे पाहिलं.

"मॅडम, मीच मारलं भाऊंना."

चमेलीबाईने झटकन मान वर केली. तिच्या मांडीवरचं फडकं खाली पडलं.

"कशाने मारलंस?"

"हातोडीने. तिथेच तर होती."

"का मारलंस?"

"राग आला."

हेमांगींनी त्याला आणखी काही विचारलं नाही. बाहेर येऊन व्हरांड्यात त्या उभ्या राहिल्या. जीवराम म्हणाला, "मॅडम, कबूल झाला. मिटलं."

"नाही मिटलं, जीवराम. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलून आलेय. हातोडीचं तोंड गोल. पियुषच्या कवटीवरचे घाव काटकोनात कापल्यासारखे आहेत, एखाद्या जड धातूच्या चौकोनी कोपऱ्याचे. हातोडीला रक्त नंतर माखलेलं आहे. आणि पियुषच्या केसांत डॉक्टरांना पाऱ्यासारखे चंदेरी थेंब सापडले. बोटाने दाबले की पसरतात."

"मग हा खोटं का बोलतोय?"

"त्याला माहीतच नाही पियुष कशाने मेला. म्हणजे त्याने मारलेलं नाही. पण कोणाला तरी वाचवायला तो फासावर जायला तयार आहे." त्या जिन्याकडे वळल्या. "चल. पियुषच्या बायकोकडे जाऊ."

३

नूतन आतल्या खोलीत चटईवर बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. इतक्या उकाड्यात तिने मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घातलं होतं आणि ती भिंतीला पाठ न टेकता बसली होती. हेमांगींनी आधी दार लावून घेतलं.

"पाठ दाखव."

"काही नाही झालं, ताई. भिंतीला लागलं."

"नूतन, पाठ दाखव."

तिने पाठ वळवली. मानेपासून कमरेपर्यंत काळ्यानिळ्या पट्ट्या होत्या. काही जुन्या, पिवळट पडलेल्या, काही ताज्या, कातडी फुटलेल्या. मशीनच्या जाड वायरीने मारल्यावर असे वळ उठतात. हेमांगींनी असे वळ आधीही पाहिले होते.

"बादलला हे माहीत होतं?"

"एकदा तो मधे पडला होता. यांनी त्याच्याच तोंडावर वायर मारली. ओठ फाटला होता त्याचा." नूतनचा आवाज कोरडा होता. "ताई, एक विचारू? त्याला फाशी होईल का?"

"तुला काय वाटतं, त्याने का मारलं?"

नूतनने चटईची कड चाचपली. मग म्हणाली, "त्या दिवशी सकाळी यांनी मला खूप मारलं. बादल डबा न्यायला आला तेव्हा मी दारामागे रडत होते. त्याने ऐकलं. तो काही बोलला नाही, डबा घेऊन गेला. आणि दुपारी हे..." ती थांबली. "माझ्यामुळे झालं हे."

हेमांगींच्या लक्षात आलं. बादलला वाटतं की वहिनीने मारलं. नूतनला वाटतं की बादलने मारलं. दोघंही दोष आपल्यावर घेत होते, आणि ज्याने खरंच केलं तो मोकळा फिरत होता.

"त्या दुपारी तू कुठे होतीस?"

"इथेच. शेजारच्या लताबाई माझ्या पाठीला हळद लावत होत्या. जेवणाच्या आधीपासून त्या माझ्याजवळ होत्या. तुमचे पोलीस सांगायला आले तेव्हाही."

लताबाईंनी शब्द न् शब्द खरा असल्याचं सांगितलं. निघताना हेमांगींनी आणखी एक विचारलं.

"त्या सकाळी तू कोणाला फोन केला होतास?"

"पिंटूदादाला. पाचोऱ्याला. तो म्हणाला, बघतो."

"मग?"

"मग काही नाही. याआधीही मी दोनदा माहेरी गेले होते. दोन्ही वेळा दादानेच मला परत आणून सोडलं. दुसऱ्या वेळी तर दारातच माझ्या मुस्काटात मारली, यांच्यासमोर. म्हणाला, आता घरी आलीस तर बघ." तिने पदर ओढून घेतला. "तो काय बघणार होता?"

४

पिंटूचा फोन त्या दिवशी पाचोऱ्यातच होता, त्याच्या मोबाईलच्या दुकानात. फोनच्या नोंदीवरून तरी तो तिथेच असल्याचं दिसत होतं. राहिला झुलाल.

झुलाल अहिराणी गाणी म्हणायचा. आडदांड माणूस, गळ्यात जाड साखळी. आठवड्यापूर्वी स्टुडिओत त्याने पियुषची कॉलर धरून त्याला खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळवलं होतं. पियुषने त्याच्या व्हिडिओत त्याच्याऐवजी दुसऱ्याच पोराला जास्त दाखवलं होतं. गल्लीने हा तमाशा पाहिला होता.

"मी त्याले धमकी दिन्ही, खरं शे," झुलाल चौकीत खुर्चीवर पसरून बोलला. "सांगं त्याले, डोकं फोडसू. बठ्ठा लोकेसनी आयकं. पन मॅडम, ज्याले खरंच मारनं ऱ्हास तो आधी सांगत नही."

"त्या दुपारी कुठे होतास?"

त्याने शर्टाची बाही वर केली. दंडावर टाके होते. "अमळनेरले लगनमा. नवरदेवना मामानी माले खुर्ची मारी. मी त्याले दोन दिन्ह्यात. तठला पोलीसले इचारा, त्यासनी माले सांजलोंग बसाडी ठेवं व्हतं."

अमळनेरच्या पोलिसांनी ते खरं असल्याचं सांगितलं. झुलाल भांडखोर होता, पण त्या दुपारी तो दुसरीकडे भांडत होता. उठताना तो दारात थांबला.

"मना गानाना व्हिडिओ त्या मशीनमा शे. त्यानं काय व्हई?"

हेमांगींच्या मनात तोवर मशीनचा विचार आला नव्हता. पियुष कोणाला काय बोलला, कोणाचं काय दाबून बसला होता, हे त्यात असू शकत होतं. त्यांनी मशीन चौकीत आणवलं.

दहाव्याचा विधी त्याच सकाळी पांझरेच्या काठी होता. तो उरकून पिंटू चौकीत आला. अमरधामातल्या मारहाणीत त्याला जामीन झाला होता, सही करायला यावं लागे. लंगडत होता. कोपर सोलवटलेलं.

"काय झालं?" हेमांगींनी विचारलं.

"येताना पारोळ्याच्या अलीकडे पडलो गाडीवरून. क्लचचं लिव्हर हातात तुटून आलं. इतकी वर्षं गाडी चालवतोय, असं कधी झालं नाही." त्याने सही केली आणि पेन टेबलावर टाकलं. "त्या पावऱ्याने कबुली दिली म्हणतात. मग तुम्ही अजून माझ्या मागे काय लागलात? माझ्या जागी तुमचा भाऊ असता तर त्याने काय केलं असतं?"

हेमांगींनी सहीचं रजिस्टर ओढून घेतलं. त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. घाई होती.

५

मशीन सुरू व्हायचं आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडायचं. चौकीतल्या कोणालाच कळेना. हेमांगींनी हेमलता चौधरींना बोलावलं. धुळ्यात त्यांचं कॉम्प्युटरचं जुनं दुकान होतं, आणि हे मशीन त्यांनीच पियुषला बांधून दिलेलं होतं.

हेमलताबाईंनी पडद्यावरचा आकडा पाहिला. "गरम होतंय. शंभराच्या पुढे गेलं की ते स्वतःला वाचवायला बंद होतं. कूलरचं काहीतरी बिघडलंय."

जीवरामने खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. हेमलताबाई हसल्या नाहीत.

"तो नाही. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, तो तापतो. त्याच्यावर धातूचा एक ठोकळा घट्ट बसवलेला असतो, त्याला पातळ पत्र्यांची चळत आणि वर पंखा. त्यालाही आम्ही कूलरच म्हणतो. दोघांच्या मधे पेस्ट लावतात, म्हणजे उष्णता नीट वर जाते."

हेमांगींना वडिलांचा बॉयलर आठवला. उष्णता निघायला वाट नसली की काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

हेमलताबाईंनी झाकण काढलं, स्क्रू सोडवले आणि कूलर वर उचलला. त्याच्या बुडाचा एक तुकडा खालीच राहिला. उरलेलं बूड त्यांनी अंगठ्याने दाबलं, तर ते ओल्या बिस्किटासारखं चुरलं.

त्यांनी तो चुरा उजेडात धरला.

"हा कूलर कोणी लावला?"

"का?"

"पियुष साधी पेस्ट वापरत नव्हता. तो लिक्विड मेटल लावायचा. पाऱ्यासारखं दिसतं, गॅलियम नावाच्या धातूचं मिश्रण. मशीन खूप थंड राहतं त्याने. म्हणून मी त्याला मुद्दाम तांब्याच्या बुडाचा, जड कूलर दिला होता. तांब्याला लिक्विड मेटलने डाग पडतो. करडा, चंदेरी, पुसून जात नाही. लोक तो बघून घाबरतात, पॉलिशने घासत बसतात. पण त्याने काही बिघडत नाही. सुरुवातीला तांबं थोडं लिक्विड मेटल पिऊन घेतं, जागा कोरडी पडते, मग पुन्हा एकदा लावावं लागतं. त्यानंतर डागासकट तो कूलर वर्षानुवर्षं तितकंच काम करतो."

"आणि हा?"

"हा ॲल्युमिनियमचा. पियुषच्या जुन्या मशीनचा, त्याच्या फळीवर पडलेला असायचा. ॲल्युमिनियमला लिक्विड मेटल लागलं की ते आत शिरतं आणि धातू आतून पोखरून टाकतं. इथे उन्हाळ्यात तर फारच भरभर. मग मधे फटी पडतात, उष्णता वर जात नाही, मशीन बंद पडतं." त्यांनी प्रोसेसरवरच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवलं. "आणि हे बघा, या टोपीवर वर्षभराचा जुना डाग आहे. असा डाग दोन्हीकडे पडतो, खाली आणि वर. याचा जोडीदार तांब्याच्या कूलरवर असणार. तो कूलर कुठे गेला?"

"किती जड होता तो?" हेमांगींनी विचारलं.

"किलोच्या वर. खाली तांब्याचा चौकोनी ठोकळा. टोकदार कोपऱ्यांचा."

जीवरामने हळूच टोपी काढून टेबलावर ठेवली.

६

आता चित्र उभं राहत होतं, आणि हेमांगींनी ते हेमलताबाईंसमोरच मोठ्याने मांडलं.

"पियुष त्या दुपारी मशीन उघडून बसला होता. कूलर काढलेला, त्याच्या बुडाला आणि प्रोसेसरवरही नवं लिक्विड मेटल लावलेलं. कोणीतरी आलं, बाचाबाची झाली. हाताशी तोच ठोकळा होता, त्याने तो उचलला आणि घातला. म्हणून केसांत चंदेरी थेंब. नंतर त्याच्या लक्षात आलं की मशीन असं उघडं, बिनकूलरचं दिसलं तर हत्यार कोणतं ते लगेच कळेल. म्हणून फळीवरचा दुसरा कूलर बसवला, झाकण लावलं, बादलच्या हातोडीला रक्त फासलं आणि तांब्याचा कूलर घेऊन निघून गेला."

"मग हा कूलर बसवता येणारा माणूस आहे," हेमलताबाई म्हणाल्या. "झुलालला पंखा आणि कूलर यातला फरक कळत नाही. नूतनने मशीन कधी उघडलेलं नाही."

"बादलला येतं."

"बादल हे करणार नाही. गेल्या वर्षी त्याच्याच हातून ही चूक झाली होती. दुसऱ्या मशीनमधे ॲल्युमिनियमवर लिक्विड मेटल लावलं, आणि चुरलेला कूलर माझ्याकडे रडत घेऊन आला. त्यानंतर ती ट्यूब हातात घेतली की तो आधी बुडाचा धातू तपासतो. लिक्विड मेटल दिसत असताना त्यावर ॲल्युमिनियम तो ठेवणारच नाही, घाईतसुद्धा."

"म्हणजे ज्याला कूलर बसवता येतो, पण लिक्विड मेटल ठाऊक नाही. जो साध्या पेस्टच्या काळात हे काम शिकला." हेमांगींनी वही उघडली. "तुमच्याकडे आजवर कोण कोण कामाला होतं?"

हेमलताबाईंनी नावं घेतली. एक पुण्याला गेलेला, एक वारलेला. तिसऱ्या नावाला त्या स्वतःच थबकल्या.

"पिंटू होता. नूतनचा भाऊ. दोन वर्षं माझ्याकडे मशीन जोडायचा. माझ्याच दुकानात पियुषशी त्याची ओळख झाली आणि त्यातून बहिणीचं लग्न जमलं. मग मोबाईलचं दुकान काढायला तो पाचोऱ्याला गेला. तेव्हा इथे लिक्विड मेटल कोणी पाहिलंही नव्हतं."

हेमांगी उभ्या राहिल्या होत्या.

"बाई, गाडीच्या क्लचचं लिव्हर कशाचं असतं?"

"ॲल्युमिनियमचं." हेमलताबाईंना लगेच कळलं. "रंग शाबूत असेल तर काही होत नाही. पण घासून, ओरखडे पडून आतला धातू उघडा पडला असेल, आणि हाताला लिक्विड मेटल लागलेलं असेल... ते हातावरून सहजासहजी निघत नाही. पँटीला पुसलं तरी बोटांच्या बेचक्यात राहतं."

पारोळ्याच्या रस्त्यावर एका मेकॅनिकच्या टपरीमागे भंगाराचा डबा होता. त्यात ते लिव्हर सापडलं. मेकॅनिक म्हणाला, "अस्सं लिव्हर मी पाहिलं नाही, मॅडम. तुटलं नाही ते, भुगा झालाय त्याचा." तुटलेल्या जागी आत चंदेरी चकाकत होतं. हेमांगींनी रुमालात धरून जरा वाकवलं, तर उरलेलंही हातात आलं.

७

नूतनला तिच्या नवऱ्याच्या वस्तू घ्यायला स्टुडिओत बोलावलं होतं. पिंटू सोबत आला, तसा तो येणार हे हेमांगींना माहीत होतं. फरशी धुतली होती, तरी खुर्चीखालच्या सांध्यांत काळपट रेघ राहिली होती. नूतन तिथे पाय न ठेवता कडेने आत गेली.

हेमांगींनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. चुरलेला कूलर आणि चुरलेलं लिव्हर.

"पिंटू, हे तुझ्या गाडीचं आहे. हे पियुषच्या मशीनमधलं. दोन्ही एकाच गोष्टीने खाल्लंय. ती गोष्ट त्या दुपारी या टेबलावर होती, आणि ती तुझ्या हाताला लागली."

पिंटूचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मी पाचोऱ्यात होतो."

"तुझा फोन पाचोऱ्यात होता. दुकानात चार्जिंगला लावलेला. रागात निघालास, फोन तिथेच राहिला."

पुढे जे झालं ते जीवरामला नंतर नीट सांगताही आलं नाही. टेबलावर स्क्रू ड्रायव्हर होता. पिंटूने तो उचलला आणि दाराकडे झेपावला. जीवराम मधे आला, तर स्क्रू ड्रायव्हर त्याच्या खांद्यात दांड्यापर्यंत शिरला. जीवराम खाली बसला. पिंटूने दार उघडलं, त्याचा हात चौकटीवर होता. हेमांगींनी दोन्ही हातांनी दार ओढून त्या हातावर बंद केलं आणि खांदा लावून दाबून धरलं. पिंटू गुडघ्यांवर आला. त्यांनी त्याचं तोंड भिंतीला लावून बेड्या घातल्या.

सगळं शांत झालं. जीवरामचं रक्त फरशीवर ठिबकत होतं. बाहेरच्या पोलिसांनी त्याला खाली नेलं.

"नूतन," पिंटू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "तुझ्यासाठी केलं मी. तुझा फोन आला, मला राहवलं नाही."

नूतन टेबलापाशी उभी होती. ती भावाजवळ गेली नाही.

"दोनदा राहवलं होतं तुला."

"मी समजवायलाच आलो होतो. तो हसला. म्हणाला, तूच तर आणून सोडतोस तिला, कुत्र्यासारखा. आता परत घेऊन जा, माझं काम झालं. मला कुत्रा म्हणाला तो, नूतन."

"म्हणजे तुला बोलला म्हणून मारलंस."

पिंटूने कपाळ भिंतीला टेकवलं.

"बरं, ते माझ्यासाठी होतं असं धरते," नूतन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मग बादलचा हात कोणासाठी मोडलास? तुला माहीत होतं ना, त्याने काही केलं नाही ते? माहीत असून तू ओंडका घातलास. तेही दोनदा."

खाली गल्लीत लोक जमू लागले होते. पिंटूला जिन्यावरून उतरवताना गर्दीतून कोणीतरी शिवी हासडली, एक चप्पल भिरकावली गेली. हेमांगींनी या वेळी स्वतः त्याच्या पुढे उभं राहून त्याला गाडीत बसवलं. कोणालाही हात लावू दिला नाही.

तांब्याचा कूलर त्याने परतीच्या वाटेवर एका विहिरीत टाकला होता. तिथून तो निघाला. पाण्याने रक्त धुवून गेलं होतं, पण बुडावरचा करडा डाग तसाच होता, आणि प्रोसेसरवरच्या डागाशी रेघेला रेघ जुळला.

८

बादलच्या हाताचं दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की अंगठा आणि दोन बोटं चालतील, बाकीची दोन वाकणार नाहीत.

नूतन त्याला भेटायला आली तेव्हा हेमांगी जबाब घेऊन निघतच होत्या. त्या दारात थांबल्या.

"वहिनी," बादल म्हणाला, "मला वाटलं तुम्ही..."

"मलाही वाटलं तू."

चमेलीबाई पायथ्याशी बसून होती. तिने नूतनकडे पाहिलं नाही, की बस म्हटलं नाही.

"मी कोर्टात दादाविरुद्ध उभी राहणार आहे," नूतन म्हणाली. "माहेरच्यांनी दार बंद केलं. सासरचे म्हणतात, आमच्या पोराचं नाव खराब करू नको, मारायचा वगैरे तिथे बोलू नको."

"ते का नाही बोलायचं?"

"सरकारी वकीलही म्हणाले, नको बोलू. पाठीचे वळ दाखवले, तर दादाला रागाच्या भरात केलं म्हणून शिक्षा कमी होईल." तिने त्याच्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "म्हणून तुला विचारायला आले. तू नाही म्हणालास तर नाही बोलणार मी."

बादलने डोळे मिटले.

"भाऊ मारायचे हे खरं आहे ना?"

"हो."

"मग सांगा. बठ्ठं, सगळंच सांगा. त्याची शिक्षा कमी झाली तर होऊ द्या. माझ्यासाठी तुम्ही आणखी एकदा गप्प बसायचं नाही."

नूतनने पदर तोंडाला लावला. ती उठून दाराशी गेली, तेव्हा मागून चमेलीबाई पहिल्यांदा बोलली.

"बाई, त्यानी तुना भाऊले माफ कयं व्हई. मी नही."

नूतन वळली. तिने मान हलवली, आणि तिथेच उभी राहिली, जणू तिलाही तेच ऐकायचं होतं.